दोन्ही घट्ट आहेत

शहादा,
रविवार, ११ डिसेंबर १९६६

प्रिय रूपचंद,

तुझं पत्र बुधवारी मिळालं. उत्तराला चार दिवस लागले म्हणून दवाखान्यात गर्दी असेल असं समजू नकोस. कापूस वेचायचे दिवस आहेत. या दिवसांत इकडची माणसं दाढेत लवंग धरून दुखणं अंगावर काढतात आणि वेचणी संपली की सुजलेले गाल घेऊन एकदमच येतात. चार दिवस मी नुसती बसून होते. सकाळी गोमाई नदीवरून धुकं येतं, माझ्या खिडकीपाशी थांबतं, आणि दहा वाजेपर्यंत समोरच्या कडुनिंबाचं नुसतं खोडच दिसत राहतं. त्या धुक्यात तुझं पत्र मी इतक्यांदा वाचलं की काही शब्दांचा अर्थच हरवल्यासारखा झाला.

तुला आपल्या कॉलेजची गच्ची आठवते का? वर्गात खानदेशातले आपण दोघंच. मी ब्राह्मणपुरीच्या गुजर शेतकऱ्याची मुलगी, तू नंदुरबारच्या कापडवाल्यांचा. घाईत बोललं की आपल्या तोंडून ‘आहे’ऐवजी अहिराणी ‘शे’ निघायचं आणि सगळा वर्ग हसायचा. म्हणून आपण गच्चीवर जाऊन बोलायचो. तिथेच एकदा तू मला सांगितलंस की दात हाडात रोवलेला नसतोच. तो बारीक धाग्यांनी हाडाला टांगलेला असतो, पाळण्यासारखा. आणि मग म्हणालास, धाग्यांशिवाय, हाड ज्याला थेट धरून ठेवील असा दात मी करीन. परीक्षा आठ दिवसांवर होती. मी तुला वेडा म्हटलं. पण त्या रात्री मला स्वप्न पडलं की माझ्या ओंजळीत कुणाचा तरी जबडा आहे आणि त्यातून हरभऱ्यासारखे दात उगवताहेत. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. बरंच काही सांगितलं नव्हतं.

साठ साली तू स्वित्झर्लंडला निघालास तेव्हा मी नंदुरबार स्टेशनवर आले होते. माझ्या वडिलांची, बापूंची, उजवी बाजू त्याच वर्षी लकव्याने गेली होती, दवाखाना नुकता मांडला होता. गाडी सुटताना तू विचारलंस, “येतेस का माझ्याबरोबर?” नंतर तू लिहिलंस की शिट्टीमुळे माझं उत्तर ऐकू आलं नाही. रूपचंद, मी उत्तर दिलंच नव्हतं.

मग तुझी पत्रं येऊ लागली, निळी, पातळ, दोन्ही बाजूंनी भरलेली. तुझ्या प्रयोगशाळेतल्या सशांची नावंसुद्धा मला पाठ झाली होती. एका सशाच्या पायात टायटॅनियम नावाच्या धातूचा स्क्रू बसवला होता. सहा महिन्यांनी काढायला गेलात तर तो निघेना, शेवटी हाडाचा टवका तुटला पण धातू सुटला नाही. ते पत्र मी बापूंना वाचून दाखवलं. तू समजावून लिहिलं होतंस की या धातूला हवा लागताच त्याच्यावर एक अतिशय पातळ साय धरते, आणि हाडाला ती साय परकी वाटत नाही. आधी तिथे रक्त गोठतं, मग हाडाच्या पेशी येऊन बसतात, कोवळं हाड विणलं जातं आणि स्क्रूचे आटे एकेक करून भरत जातात. बापूंना नीट बोलता येत नव्हतं, तरी त्यांनी डाव्या हाताने मला ते पुन्हा वाचायला लावलं. पुढे तू भट्टीत स्वतः भाजलेल्या पांढऱ्या चिनीमातीच्या स्क्रूबद्दल लिहू लागलास. धातू दुसऱ्यांचा, पांढरा मात्र तुझा. तुझं अक्षरही त्या पत्रांमध्ये बदललं, मोठं झालं.

जामसिंगबद्दल मी तुला लिहिलं होतं, पण रोग्याबद्दल लिहितात तसं. तो माणूस कोण ते लिहिलं नव्हतं. तोरणमाळच्या खालच्या अंगाला एक पाडा आहे, तिथला तो पावरा आदिवासी. बासष्टच्या चैत्रात पहाटे मोहाची फुलं वेचायला गेला आणि झाडाखाली फुलं खात बसलेल्या अस्वलाने त्याचं तोंड फाडलं. धुळ्याच्या इस्पितळात चार महिने होता. गाल शिवला गेला, पण खालचे पुढचे सहा दात आणि त्यांच्याखालचा हाडाचा उंचवटा गेला. माझ्याकडे आला तेव्हा खालचा ओठ आत पडलेला, लाळ आवरत नाही, बोललेलं कळत नाही. माझी मदतनीस दगूबाई त्याच्याकडे बघून म्हणाली, “बाई, हाऊ मानूस जित्ता शे, हाईच बहु शे.” त्याने मान हलवली. त्याला ते पुरेसं नव्हतं. बरोबर आलेल्या त्याच्या बायकोने, तुळशीबाईने, मला कारण सांगितलं. त्यांच्या इंदलच्या पूजेत जे लांबलचक गाणं म्हणतात, जग कसं झालं, धान्य कुठून आलं, कोणता पूर्वज कोणत्या डोंगरावरून उतरला, ते चार पाड्यांत एकट्या जामसिंगला अथपासून इतिपर्यंत येत होतं. त्यातला शब्द फुटका निघाला तर ते नाव घेतलंच नाही असं धरतात. सहा महिन्यांत त्याने गाणं म्हटलं नव्हतं, आणि त्याच्याकडून शिकायला कुणी बसत नव्हतं, कारण त्याचं कळतच नव्हतं.

मी त्याला कवळी करून दिली. तीन वेळा करून दिली. धरायला खाली हाडच नाही. बोलायला लागला की कवळी मासोळीसारखी उसळून बाहेर यायची. मग मी तुला लिहिलं, आणि त्रेसष्टच्या जानेवारीत रजिस्टर पोस्टाने एक चपटी डबी आली. आत कापसावर दोन स्क्रू, एक राखाडी, एक पांढरा. तू लिहिलं होतंस, जबड्यात दोन्हीकडे एकेक बसव, त्यांच्या आधाराने कवळी उभी राहील. राखाडी उजवीकडे हिरडीखाली पुरून वर टाके घालायचे होते. डावीकडचा पांढरा एकसंध असल्याने त्याचं डोकं हिरडीबाहेर राहणार होतं.

मी जामसिंगला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. हे सशांमध्ये झालं आहे, माणसांत फार थोडं. मी कधीच केलेलं नाही. हाड धरील की नाही मला माहीत नाही, पिकलं तर उरलेलं हाडही जाईल. घरी तो पावरी बोलतो, माझ्याशी बाजारातली अहिराणी. त्या फाटक्या ओठांतून एकेक शब्द काढत तो म्हणाला, “अस्वलनी माले इचारं नही, बाई. तू इचारी ऱ्हायनी. मंग कर.”

तुला हेवा वाटेल अशी शस्त्रक्रिया झाली. तू बजावलं होतंस की ड्रिलच्या उष्णतेने हाड मरतं आणि मेलेलं हाड कशालाच धरत नाही. तुमच्याकडे विजेवरची यंत्रं. माझ्याकडे पायाने चालवायचं ड्रिल आणि त्याच्यावर दगूबाईचा पाय. ते इतकं सावकाश फिरत होतं की हाड तापायला वेळच नव्हता. उकळून गार केलेलं मिठाचं पाणी मी थेंबथेंब सोडत होते. जामसिंग डोळे मिटून होता आणि त्याच्या घशात काहीतरी अगदी हळू चाललं होतं. कण्हतोय असं मला वाटलं. नंतर कळलं, तो मनात गाणं म्हणत होता, कुठवर आठवतं ते बघायला.

पुढचे महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात शांत महिने होते. काहीच करायचं नव्हतं, हाडाला त्याचं काम करू द्यायचं होतं. जामसिंग लोणखेड्याला बापूंच्या ओळखीच्या एका शेतात राखणीला राहिला, म्हणजे दर आठवड्याला मला बघता येईल. ज्वारीची पेज, केळी, दूध, एवढंच खायचं. मी संध्याकाळी बापूंना ओट्यावर बसवायची, आणि उसाच्या शेतांवरून वारा आला की मला वाटायचं, आत्ता या क्षणी त्या अंधाऱ्या जागी काहीतरी विणलं जातंय, कुणी बघत नसताना, कुणाला न विचारता. मी तुझ्याबद्दलही तसाच विचार करत असे. पत्रांमधल्या दिवसांत, दिसत नाही तरी काहीतरी होतच असेल, असा.

दोन महिन्यांनी मी दोन्ही स्क्रू तपासले, राखाडी हिरडीवरूनच दाबून. दोन्ही घट्ट होते. हे खरं आहे, रूपचंद, एवढं तू लक्षात ठेव. मी तुला तसं लिहिलं. तुझं उत्तर आलं ते पत्र नव्हतंच, जत्रा होती. तुझ्या वरिष्ठांचा पांढऱ्यावर विश्वास नव्हता, शिष्यवृत्ती संपत आली होती, आणि माझं पत्र भाषांतर करून तू सगळ्यांना वाचून दाखवलंस. शेवटी तू लिहिलं होतंस, ‘पांढरा वर्षभर टिकला तर मी भारतात परत येईन, इथलं सोडून. ही माती आपल्याकडेही भाजता येईल.’ आणि त्याखाली, वेगळ्या ओळीवर, ‘मग बोलू.’

‘मग बोलू’ हे दोन शब्द मी किती दिवस उशाखाली ठेवले ते सांगत नाही.

भाद्रपदात एका सकाळी जामसिंग दवाखान्याच्या पायरीवर बसलेला दिसला. आठवड्याचा वार नव्हता. तो म्हणाला, “बाई, पांढरावाला हाली ऱ्हायना.” मी चिमट्याने स्पर्श केला. केसाएवढा हलत होता. मी त्याला घेऊन धुळ्याला गेले, एक्स-रे काढला. राखाडी स्क्रूच्या आट्यांत हाड शिरलेलं होतं, कुठे धातू संपतो आणि कुठे हाड सुरू होतं तेही कळत नव्हतं. पांढऱ्याभोवती मात्र वरपासून खालपर्यंत एक काळी रेघ होती. हाड नव्हतं तिथे. हाडाने त्याला धरण्याऐवजी त्याच्याभोवती मऊ मांसाची पिशवी केली होती. महिनाभर मी वाट पाहिली, धुतलं, तारेने शेजारच्या दाढेला बांधलं. उपयोग झाला नाही. पू झाला, आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी तो दोन बोटांनी काढला. जोर लावावा लागला नाही.

का झालं असावं यावर मी खूप विचार केला आहे. मातीचा दोष असेलच असं मला वाटत नाही. हाडाला ती परकी वाटली असती तर दोन महिनेही टिकली नसती. राखाडी हिरडीखाली निजून होता, त्याला कुणी हात लावला नाही. पांढऱ्याचं डोकं बाहेर. जीभ त्याला दिवसातून हजार वेळा लागणार, घास लागणार. हाड धरू बघतं तेव्हा त्याला अगदी निश्चल काहीतरी हवं असतं. जरा हललं की ते हाड व्हायचं सोडून देतं. पण हा माझा तर्क झाला, एका माणसाच्या एका तोंडावरून केलेला. तू तो तपासायला हवा होतास, आणि तू तपासू शकला नाहीस, कारण तुला कळलंच नाही.

दिवाळीत तुझं पत्र आलं. त्यात एकच प्रश्न होता, ‘पांढरा कसा आहे?’ टेबलावर तो पांढरा स्क्रू बशीत पडलेला होता. मी पोस्टकार्ड घेतलं आणि लिहिलं, ‘दोन्ही घट्ट आहेत.’ तीन शब्द. मला वाटलं, तू एकदा परत ये, मग समोर बसून सांगीन, हसशील, रागावशील, आणि आपण दोघं मिळून नवा करू. मग तू दर सहा महिन्यांनी विचारत राहिलास आणि मी तेच लिहीत राहिले. दुसऱ्यांदा लिहिताना पहिल्या वेळेइतकासुद्धा विचार करावा लागला नाही.

तू परत आलास. पासष्टच्या मे महिन्यात, मुंबईला. तुझ्या लग्नाची पत्रिका आधी आली आणि तू आल्याचं नंतर कळलं. प्रमिलाबद्दल माझ्या मनात काही नाही, खरंच नाही. ती मला भेटली तेव्हा तिने माझा हात धरून म्हटलं होतं की तुमच्या रोग्यामुळे हे परत आले.

आता जामसिंगबद्दल सांगते, कारण तो बरा झाला आणि ते तुला कधी नीट सांगितलं नाही. चौसष्टच्या सुरुवातीला हिरडी उघडून, एकट्या राखाडी स्क्रूवर आणि मागच्या दाढांना आकडे घालून मी कवळी बसवली. ती हलली नाही. पहिल्या दिवशी तो माझ्यासमोर बसून आपल्या गावाचं नाव, बायकोचं नाव, माझं नाव पुन्हा पुन्हा म्हणत होता, आणि दगूबाई पदर तोंडाला लावून रडत होती. पुढच्या हिवाळ्यात त्याच्या पाड्यावर इंदल झाला तेव्हा त्यांनी मला बोलावलं. बैलगाडीने आणि मग पायी, मी दिवस उजाडता पोचले तेव्हा गाणं शेवटाकडे आलं होतं. डोंगर धुरकट होते, कदंबाच्या फांद्या अंगणात रोवलेल्या, रात्रभर नाचलेली माणसं पेंगत उभी. मला एक शब्द कळत नव्हता. पण प्रत्येक शब्द वेगळा, अख्खा ऐकू येत होता. चार पोरं त्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली होती आणि तो म्हणेल ते ओठांनी धरत होती. मला वाटलं, मी जागी नाही. असं वाटलं की हे मी केलं नाही, तूही केलं नाहीस; कुठेतरी एका हाडाने आपल्या मनाने ठरवलं. आणि त्याच सकाळी, इतकं सुखाचं असताना, मला पहिल्यांदा माझी लाज वाटली. समोरचा माणूस एकेक नाव खरं निघावं म्हणून जबडा फोडून घ्यायला तयार झाला होता.

तरी मी लिहिलं नाही. आणखी दोन वर्षं. बापू गेले तेव्हा तुझं सांत्वनाचं पत्र आलं, त्यातही खाली ताजा कलम होता, ‘तुझा पहाडातला माणूस कसा आहे?’ मी लिहिलं, उत्तम आहे. ते खोटं नव्हतं. अशीही खोटं बोलण्याची एक तऱ्हा असते.

आणि बुधवारी तुझं हे पत्र आलं. येत्या १९ तारखेपासून तू मुंबईत चाळीस माणसांना पांढरे स्क्रू बसवणार आहेस. तुझ्या अहवालात पहिलाच दाखला जामसिंगचा: पावणेचार वर्षं, दोन्ही घट्ट. आणि चाळिसांतलं पहिलं नाव रंजनाबाईंचं, तुझ्या आईचं. तिनेच हट्ट धरला, असं तू लिहितोस, दुसऱ्यांच्या आधी माझ्या तोंडात बसव म्हणून. परवा शुक्रवारी जामसिंग बाजाराला आला होता. मी त्याला तुझं पत्र वाचून दाखवलं, आणि मी काय लिहीत आले तेही सांगितलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, “बाई, त्या लोके मन्हा तोंडवर भरोसा ठेवी ऱ्हायनात. चाल, मन्हं तोंड त्यासले दखाड.” म्हणून हे पत्र. हे सगळं प्रमिलासमोर आणि आईंसमोर तोंडाने बोलायचा धीर मला झाला नसता, आणि आधी तुला एकट्याला कळावं असंही वाटलं. पत्र तुला गुरुवारी मिळेल. चाळिसांतल्या कुणालाही हात लावू नकोस. धुळ्याचा एक्स-रे आणि तो स्क्रू घेऊन मी येत्या शुक्रवारी नंदुरबारहून सुरतेच्या गाडीने निघते. शनिवारी मुंबईत पोचेन. जामसिंग बरोबर आहे. तुझ्या सगळ्या डॉक्टरांना बोलावून ठेव. मी त्यांच्यापुढे उभी राहून सांगेन की खोटं कुणी लिहिलं. तू खुर्ची दिव्याखाली ओढ, त्याला तोंड उघडायला सांग, आणि डावी बाजू स्वतःच्या बोटाने चाचपून बघ. तिथे काही नाही.

तुझीच,
जमना